आधी उभी असलेली गाडी

आमच्याकडे एप्रिल लागला की दोन प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. अळंबी कुठे सापडली, आणि रानातली टर्की कुठे ओरडली. बाकी सगळं विचारतात. गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं, सुनेशी पटतंय का, रविवारी चर्चमध्ये का दिसला नाहीत, काहीही. पण हे दोन प्रश्न विचारणारा माणूस एक तर बाहेरगावचा असतो, नाही तर अजून लहान असतो. आणि चुकून कुणी विचारलंच, तर हनुवटी चारी दिशांना फिरवायची आणि म्हणायचं, "तिकडेच, वरच्या अंगाला." याला आम्ही खोटं बोलणं म्हणत नाही.

कारण ओझार्कच्या या डोंगरांतलं जंगल सरकारी आहे. सरकारी म्हणजे सगळ्यांचं, आणि सगळ्यांचं म्हटलं की तिथे कसं वागायचं हे कुणाच्या बापाला विचारता येत नाही. शिकारीचा परवाना सरकार देतं, मोसमाच्या तारखा सरकार ठरवतं. पण एकाच कड्यावर दोघं पोचले तर मागे कुणी फिरायचं, हे सरकार सांगत नाही. ते मी सांगतो.

म्हणजे असं झालं, की पाचवीच्या वर्गाला शिकवण्यात माझा जन्म गेला. निवृत्त झालो आणि घरी बसून बायकोला शिकवायला लागलो. नदीननं महिनाभर सोसलं. मग एके दिवशी तिनं अग्निशमन केंद्रात फोन केला आणि सांगितलं, "मुलांच्या शिकारीच्या वर्गाला तुम्हाला माणूस हवा होता ना? आमचे हॅचर मोकळे आहेत. आजच न्या." तेव्हापासून दर मार्चमध्ये अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये मी मुलांना शिकवतो. बंदूक कशी धरायची हे दुसरे एक गृहस्थ शिकवतात. माझ्याकडे वागण्याचा विषय.

हा विषय मी खुर्च्यांवर शिकवतो. हॉलभर खुर्च्या मांडायच्या. एकेक खुर्ची म्हणजे जंगलाच्या तोंडाशी गाडी लावायची एकेक जागा. काही मुलं आधीच जाऊन बसतात. बाकीच्यांनी एकेक करून यायचं. खुर्चीवर कुणी बसलेलं दिसलं, की आधी उभी असलेली गाडी समजायची, आणि पुढच्या खुर्चीकडे जायचं. कुरकुर नाही, डोकावणं नाही, आणि मुख्य म्हणजे तोंड वाकडं करायचं नाही. पाय सगळ्यांनाच वळवता येतात, तोंड सरळ ठेवणं अवघड. मी मुलांना तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत परत चालायला लावतो, तेव्हा कुठे चेहरे नीट होतात.

हा झाला पहिला नियम. दुसरा, टर्कीचा आवाज आला तरी त्या आवाजाकडे चालत जायचं नाही. आपण बसायचं, तिला येऊ द्यायचं. कारण तो आवाज माणसानं काढलेला असू शकतो, आणि झुडपातून सरपटत येणारी कोणतीही वस्तू त्या माणसाला टर्कीच वाटते. तिसरा, जवळ माणूस आहे असा संशय आला तर हात हलवायचा नाही, पक्ष्याचा आवाज काढायचा नाही. स्वच्छ माणसाच्या आवाजात ओरडायचं, "गुड मॉर्निंग! इथे माणूस आहे!" हे मी सगळ्या वर्गाकडून एकसुरात म्हणून घेतो. खाली बंब धुणारी माणसं दर वर्षी उलट ओरडतात, "इथे पण आहे!"

आणि अंगावर लाल, पांढरा, निळा रंग घालायचा नाही, कारण नर टर्कीच्या डोक्याचे रंग तेच. यंदा एका मुलानं हात वर करून विचारलं, "मग सर, आपला झेंडा? त्याचे पण तेच रंग." मी म्हटलं, "झेंड्याला शिकारीला नेऊ नकोस, बाळ." मुलं हसली, मीही हसलो. असे प्रश्न आले की वर्ग चांगला चालला असं मी समजतो.

आता माझी नात, लॉरेल. ती शहरात आईजवळ राहते आणि वसंतात माझ्याकडे येते. मोठ्यांचा टर्कीचा मोसम सुरू व्हायच्या आधी एक शनिवार-रविवार फक्त मुलांसाठी राखलेला असतो. त्या दोन दिवसांत बंदूक मुलांच्या हातात, मोठ्या माणसानं नुसतं शेजारी बसायचं, आणि मारायचा तो फक्त नर. लॉरेल तीन वर्षं माझ्याबरोबर आली आणि तीन वर्षं रिकाम्या हातानं गेली. यात तिचा दोष काडीचाही नाही. पहिल्या वर्षी नर जवळ आला तेव्हा मी घोरत होतो. दुसऱ्या वर्षी जागा होतो, पण झाडावरच्या सुतार पक्ष्याची माहिती देत होतो. तिसऱ्या वर्षी मी घोरलो नाही, बोललो नाही, फक्त खोकला येऊ नये म्हणून कडक साखरेची गोळी तोंडात टाकायला गेलो, आणि त्या गोळीच्या कागदाचा आवाज अख्ख्या खोऱ्यानं ऐकला.

यंदा ती पंधरा वर्षांची. जूनमध्ये सोळा होतील, की मुलांचा शनिवार-रविवार संपला. मग मोठ्यांचा मोसम, तेव्हा तिची शाळा आणि सुट्टीच्या दिवशी दुकानातली नोकरी. नाताळात ती भांडी पुसता पुसता एवढंच म्हणाली, "आजोबा, या वर्षी तरी." दुसरं काही नाही. लॉरेल हट्ट करणारी मुलगी नाही, म्हणूनच ते वाक्य माझ्या मनात घर करून बसलं. तिला तिचा पहिला पक्षी मिळायलाच हवा होता, आणि तो माझ्या शेजारी बसून.

मार्चभर मी पहाटे उठून जंगलाच्या कडेकडेनं फिरलो. शेवटी पोक हॉलो नावाच्या दरीच्या वरच्या कड्यावर एक म्हातारा नर सापडला. दिसला नाही, ऐकला. रोज त्याच ओकच्या झाडीतून ओरडायचा, पत्र्याच्या डब्यात दगड घालून उतारावरून सोडावा तसा. कुणाला सांगितलं नाही. नदीनलाही नाही. ती म्हणाली, "मी कुठे जाणार आहे सांगायला?" मी हनुवटीनं खिडकीबाहेर दाखवलं.

शनिवारी पहाटे आम्ही निघालो. नदीननं तळलेलं मांस घातलेले पाव बांधून दिले होते आणि लॉरेलच्या कानात काहीतरी सांगितलं होतं. काय, म्हणून मी गाडीत विचारलं.

"आजी म्हणाली, त्यांच्या खिशातल्या साखरेच्या गोळ्या काढून घे."

मी खिसे रिकामे केले.

पोक हॉलोच्या तोंडाशी गाडी लावायची जागा आहे, जेमतेम दोन गाड्यांची. वळण घेतलं आणि माझ्या दिव्यांच्या उजेडात एक पिकअप चमकली. उभी होती. रिकामी.

मी गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. आम्ही दोघंही त्या पिकअपकडे बघत बसलो.

"नियम एक," लॉरेल म्हणाली. ती माझ्याच वर्गातून शिकून गेली आहे.

"हो, हो. बघतोय नुसतं."

"डोकावायचं नाही."

"डोकावत नाहीये. दिवे आपले चालूच आहेत, त्यात जे दिसेल ते दिसेल."

मी खाली उतरलो. गाडी ओळखीची नव्हती. काचेला नाक लावलं. सीटवर कांद्याची जाळीची रिकामी पिशवी पडली होती. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

"अळंबीवाला आहे!" मी परत येऊन म्हटलं. "जाळीची पिशवी! अळंबी गोळा करणारेच नेतात. शिकारी नव्हेच तो."

"एवढ्या अंधारात अळंबी कशी दिसेल, आजोबा?"

"अळंबीवाले फार हावरट असतात. अंधारात येऊन बसतात. उजाडायची वाट बघत."

"आपल्यासारखे?"

यावर मी तिला सावकाश समजावून सांगितलं. नियम शिकाऱ्यांसाठी आहे. अळंबीवाल्याला कड्याशी देणंघेणं नाही, तो ओढ्याकाठच्या मेलेल्या एल्म झाडांच्या बुंध्यांपाशी फिरणार. शिवाय आपण त्याच वाटेनं जाणारच नाही. पलीकडून लाकूडतोडीचा जुना रस्ता आहे, तिथून शेजारच्या सोंडेवर चढू. म्हणजे हा डोंगर त्याचा, तो आपला. मधल्या ओढ्यातून नर ज्याच्याकडे जाईल त्याचा. मी पाचवीला अपूर्णांक शिकवलेत, पटवणं मला जमतं. लॉरेलनं माझ्याकडे बघितलं, आणि मी पुढे बघून गिअर टाकला. माझं तोंड तेव्हा कसं होतं ते मला दिसलं नाही, पण सरळ नव्हतं.

उजाडायच्या जरा आधी आम्ही सोंडेवरच्या एका जाड ओकला पाठ लावून बसलो. पानापानांच्या नक्षीचे कपडे, तोंडावर जाळी. लॉरेलच्या गुडघ्यावर बंदूक. डॉगवुडची पांढरी फुलं अंधारातून हळूहळू वर यायला लागली. आता नर कुठे आहे हे कळायला घुबडाचा आवाज काढायचा असतो. घुबड ओरडलं की नराला राहवत नाही, तो झाडावरूनच उलट ओरडतो. मी तोंडाशी हात धरून घुबड काढलं.

पलीकडच्या उतारावरून दुसऱ्या घुबडानं उत्तर दिलं.

"ऐकलंस?" मी कुजबुजलो. "खरं घुबड. शेवटचा सूर कसा खाली सोडला बघ. माणसाला तो जमत नाही. मला थोडाफार जमतो."

आणि तेवढ्यात नर ओरडला! आमच्या दोघांच्या बरोबर मधून, ओढ्याच्या वरच्या सपाटीवरून. लॉरेलनं माझा दंड घट्ट धरला. एवढ्यासाठी मी मार्चभर गुडघे दुखवून घेतले होते.

मी डबी काढली. सीडरच्या लाकडाची लांबट डबी असते, तिचं झाकण कडेवर घासलं की मादीचा आवाज येतो. झाकणाला खडू लावावा लागतो. निवृत्त झालो तरी खडू काही माझा पिच्छा सोडत नाही. मी हलकेच घासलं. मादी बोलते तसं, लाडानं.

नर ओरडला. आणि लगेच, पलीकडच्या उतारावरून, एक दुसरी मादी बोलली.

"आली!" मी म्हटलं. "ही इथली मालकीण. म्हातारी आहे, चांगले चार-पाच पावसाळे बघितलेली. तिला माझा राग आलाय. आता बघ, मी तिला अजून चिडवतो. ती भांडायला इकडे येईल, आणि तिच्या मागोमाग नर."

मी डबी घासली. ती उलट बोलली. मी जोरात घासली, ती त्याहून जोरात. मी लॉरेलला एकेक वाक्याचा अर्थ सांगत होतो. "आता ती म्हणतेय, तू कोण गं आलीस मोठी शहाणी? आता मी म्हणालो, तुझ्या नाकावर टिच्चून आले. आता ती..."

"आजोबा, आवाज."

"हळूच बोलतोय. आता ती म्हणतेय, माझ्या घरात येऊन मलाच..." नळावरच्या भांडणासारखं भांडण झालं ते. सूर्य वर आला, धुकं ओढ्यात उतरलं, आणि आमचं चालूच. नर पहिल्यांदा दोघींना उत्तर देत होता, मग अधूनमधून, मग गप्प झाला. दोन बायका अशा भांडायला लागल्या की कोणताही शहाणा पुरुष हेच करतो.

"सुंदर बोलते मात्र," मी म्हटलं. "काय तो आवाज! लॉरेल, जगातल्या कोणत्याही माणसाला हा आवाज काढता यायचा नाही. लक्षात ठेव हा."

"ती तुमच्यासारखीच काढते. शेवटी दोनदा टुकटुक."

"साहजिकच आहे. मी टर्क्यांकडूनच शिकलोय."

पण ती पुढे येईना. सीडरच्या झुडपांमागे अडून बसली. मला वाटलं, सोंडेवरून जरा खाली सरकलो, त्या पडलेल्या ओंडक्यापर्यंत, तर तिला माझा आवाज जवळून येईल आणि तिचा तोल सुटेल. वेळ निघून चालली होती. नर दुसऱ्या खोऱ्यात उतरला असता तर संपलं सगळं. हे वर्ष गेलं असतं आणि पुढचं नव्हतंच.

"तू बस," मी म्हटलं, आणि हातापायांवर झालो.

"आजोबा. नियम दोन."

"नराकडे नाही जात मी. मादीकडे जातोय."

मी रांगायला लागलो. अग्निशमन केंद्रात इतकी वर्षं खुर्च्या मांडणारा मी, पानापानांचे कपडे घालून, तोंडाला जाळी लावून, झुडपांतून टर्कीच्या आवाजाच्या दिशेनं चार पायांवर निघालो होतो. ओंडका हाताशी आला, तेवढ्यात मागून माझ्या पँटचे खांद्यावरचे पट्टे ताणले गेले. लॉरेलनं माझ्या मागोमाग येऊन दोन्ही पट्टे धरले होते.

"आजोबा, ती मादी मघाशी शिंकली."

"टर्क्या शिंकतात, बाळ. धुळीनं."

"आणि घुबड तिला 'ब्लेस यू' म्हणालं?"

मला काही ऐकू आलं नव्हतं. कानातलं यंत्र मी जंगलात घालत नाही, पानांचा फार गोंगाट होतो. मी काही बोलायच्या आत लॉरेल उठून परत ओकच्या बुंध्याशी जाऊन उभी राहिली, तोंडावरची जाळी काढली आणि छाती भरून ओरडली, "गुड मॉर्निंग! इथे माणसं आहेत! दोन!"

सगळं जंगल थांबलं. तिच्या त्या एका वाक्याबरोबर तिची सकाळ गेली, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. मग सीडरच्या मागून एक बारीक, स्वच्छ आवाज आला, वर्गात पाठ म्हणावा तसा. "गुड मॉर्निंग! इथे पण माणसं आहेत! आम्ही पण दोन!"

आणि त्यामागून पुरुषाचा, जरा घाबरत, "हॅचर सर? तुम्ही आहात का?"

आम्ही ओढ्याकाठी उतरलो, समोरून तेही उतरले. वेंडेल प्रुइट. पाचवीत माझ्या वर्गात पुढून दुसऱ्या बाकावर बसायचा, भागाकारात कच्चा होता. त्याच्या हाताला धरून त्याची मुलगी ओपल. वय आठ. दुसऱ्या हातात सीडरची डबी. गेल्याच महिन्यात माझ्या वर्गात ती डबी घासायला मीच तिला शिकवलं होतं, शेवटी दोनदा टुकटुक कसं करायचं ते हात धरून.

"घुबड तू होतास?" मी वेंडेलला विचारलं.

"हो, सर. तुमचं घुबड आम्हाला खरं वाटलं."

यानं मला थोडा धीर आला, पण तो ओपलनं टिकू दिला नाही.

"बाबा, मी सांगितलं होतं ना, त्या मादीला बरं नाहीये," ती म्हणाली. "तिचा घसा बसलाय म्हटलं होतं की नाही? नर आमच्याकडे येत होता सर, दोनदा आला. पण ती आजारी मादी मध्ये मध्ये ओरडायची आणि तो परत जायचा."

"ओपल," वेंडेल म्हणाला.

"काय? खरं तेच सांगतेय."

मी घसा साफ केला, तो खरंच बसलेला होता. आणि म्हटलं, "आम्ही त्या पलीकडच्या रस्त्यानं आलो रे. तिकडून काही कळत नाही, इथे कोण..."

"आम्ही तुमची गाडी पाहिली होती," लॉरेल म्हणाली.

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. वेंडेलकडे बघून, सरळ, वेळ विचारल्यावर सांगावी तसं सांगितलं.

ओपलनं लॉरेलकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग?" ती म्हणाली.

शिकवण्याच्या धंद्यात 'मग' हा शब्द मी लाखो वेळा वापरला असेन. मुलाचं गणित अर्ध्यावर अडलं की मी म्हणायचो, मग? आणि मुलं बिचारी फळ्याकडे बघत बसायची. त्यांना कसं वाटायचं ते मला त्या सकाळी ओढ्याच्या काठी कळलं.

"मग आम्ही पुढे जायला हवं होतं," मी म्हटलं. "गेलो नाही. सीटवर जाळीची पिशवी दिसली, तर मी ठरवून टाकलं की अळंबीवाला आहे."

"ती आईनं दिलीय. येताना मिळाली तर आणा म्हणून," ओपल म्हणाली. मग तिला काहीतरी सुचलं आणि तिचे डोळे मोठे झाले. "सर, तुम्ही आत डोकावलात?"

वेंडेल बिचारा माझ्यापेक्षा जास्त लाजला. "असू दे सर, जंगल सगळ्यांचंच आहे. तुम्ही बसा, आम्ही निघतो."

"छे छे. तुम्ही आधी आलात. आम्ही निघतो."

"असं कसं, सर! तुम्ही मोठे."

"वेंडेल, मोठ्याबिठ्याचा इथे संबंध नाही. आधी गाडी तुझी." आता मला नियमांचा असा उमाळा आला होता की विचारू नका. मी दोन पावलं मागे सरकून दाखवलीसुद्धा. तो म्हणे तुम्ही थांबा, मी म्हणे तू थांब, आणि दोघंही तिथेच उभे. लग्नात निरोप घेणाऱ्या पाहुण्यांसारखे. तेवढ्यात वरच्या सपाटीवरून नर ओरडला. गेला नव्हता! आमचं आग्रह करणंच बहुधा त्याला ऐकवेना.

चौघंही जागच्या जागी खाली बसलो. अशा वेळी वय, शिक्षण, लाज, काही आड येत नाही.

"चला, आजोबा," लॉरेल कुजबुजली. "आपण नंतर आलो." तिनं बंदूक रिकामी केली, काडतुसं खिशात टाकली आणि वाटेकडे वळली. तोंड अगदी सरळ होतं. मी तिच्या मागे निघालो. मला तिला काही सांगायचं होतं, पण जे सांगायचं ते सगळं मी आधीच कितीतरी वर्षं सांगून बसलो होतो, आणि तिनंच तेवढं ऐकलं होतं.

"तिला कधी मिळाली का टर्की?" मागून ओपलचा आवाज आला.

लॉरेलनं मान हलवली. नाही.

ओपलनं बापाच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं. वेंडेल आमच्याजवळ आला. "सर, ओपलला यंदा बंदूक उचलत नाही. खांदा लहान पडतो. पुढच्या वर्षी देईन म्हणालोय. आज ती नुसती बोलवायला आली होती. नर आला असता तरी आम्ही बघून परतच जाणार होतो. तर ती म्हणतेय, लॉरेलला बसू दे. फक्त..."

"फक्त काय?"

वेंडेलनं टोपी काढली, परत घातली. मग ओपलच पुढे आली. पाचवीच्या वर्गात मी ज्या सुरात बोलायचो त्या सुरात ती म्हणाली, "सर, तुमची डबी माझ्याकडे द्या."

मी डबी दिली. सकाळपासून माझ्यावर दोन वेळा जप्ती आली.

जागाही तिनंच वाटून दिल्या. वरच्या सपाटीच्या कडेला एक भला मोठा ओक होता. त्याच्या पुढच्या अंगाला लॉरेल, तिच्या शेजारी वेंडेल, कारण नर कोणत्या बाजूनं येतो ते त्यानं सकाळपासून पाहिलं होतं. बोलवणारा नेहमी मागे बसतो, म्हणजे आवाजाच्या ओढीनं पक्षी बंदुकीवरून पुढे येतो. म्हणून बुंध्याच्या मागच्या अंगाला ओपल. आणि तिच्या शेजारी, जिथून सपाटी, नर, लॉरेल, काहीच दिसत नाही अशा ठिकाणी, मी. माझ्यासमोर फक्त उतार होता आणि एक डॉगवुड.

ओपलनं डबी घासली. एकदाच, हलकी. शेवटी टुकटुक. नर ओरडला. मला वाटलं, आता लगेच दुसऱ्यांदा घास, लोखंड तापलंय. माझा हात उठलासुद्धा. तिनं तोंडावर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं आणि डबी मांडीवर मिटून ठेवली. नर पुन्हा ओरडला, जरा जवळून. तिनं काही केलं नाही. मग तोही गप्प झाला. बराच वेळ काहीच नाही. मी मनातल्या मनात तिला दहा सूचना दिल्या. माझ्या हातात डबी असती तर मी एव्हाना त्या दहाही वाजवून दाखवल्या असत्या, आणि तो नर शेजारच्या तालुक्यात पोचला असता.

मग पानं वाजली. मला, यंत्र नसलेल्या कानांना, वाजलेली ऐकू आली. दोन पावलं, थांब. तीन पावलं, थांब. पंख जमिनीला घासत फुलवून चालतो तेव्हाची ती खरखर. आणि एक खोल घुमणं, जे कानांपेक्षा पाठीला जास्त कळतं, ओकच्या बुंध्यातून. लॉरेल त्याच बुंध्याला टेकून बसली होती. तिलाही ते तसंच कळत असेल, असा विचार माझ्या मनात आला, आणि मी वळून बघायला मान थोडीशी, अगदी थोडीशी...

ओपलनं माझी बाही धरली. आठ वर्षांच्या मुलीची मूठ, पण मी हललो नाही.

बंदूक वाजली.

मी उठलो नाही. गोळी सुटल्यावर बंदूकवाल्यानं बोलावल्याशिवाय मागच्यानं जागा सोडायची नसते. ओपलही बसून राहिली, दोन्ही डब्या छातीशी धरून. डॉगवुडवरून दोन पाकळ्या गळल्या. पलीकडून वेंडेलचं बोलणं, मग लॉरेलचं हसणं, मग रडणं, मग दोन्ही एकदम.

"आजोबा! या आता!"

मला उठायचं होतं, पण उजवा पाय पार झोपला होता. ओपलनं दोन्ही हात देऊन मला ओढून उभं केलं आणि मी बुंध्याला वळसा घालून लंगडत पलीकडे गेलो. लॉरेल पानांत गुडघ्यांवर बसली होती. तिच्या पुढ्यात तो म्हातारा नर, तांब्यासारखी पिसं उन्हात उघडी टाकून. तिनं त्याच्या पिसांवर हात ठेवला होता आणि तो उचलत नव्हती.

"बघितलंत?" ती म्हणाली. "तो वळला तेव्हा, बघितलंत?"

"नाही," मी म्हटलं. "मला काहीच दिसलं नाही."

तिनं डोळे पुसले आणि बाजूची पानं हातानं सारखी केली. "मग बसा. सांगते."

मी बसलो. तिनं पहिल्यापासून सांगितलं. तो कुठून आला, कुठे थांबला, मान कशी ताणली, वेंडेलनं काय खुणावलं. मी ऐकलं. मध्ये दोनदा तिची चूक सुधारावीशी वाटली. एकदाच सुधारली.